बसलेला माणूस

आमच्या घरात कुणी कुणावर ओरडत नसे. शेजारच्या घरातून भांडी आपटल्याचे, पोरांना धपाटे बसल्याचे आवाज दिवसभर यायचे, आणि त्याच घरातली बाई संध्याकाळी आमच्या ओट्यावर टेकून आईला म्हणायची, "तुझं बरंय बाई. देवमाणूस मिळाला तुला." आई हसून मान हलवायची आणि हातातला लसूण सोलत राहायची. ते वाक्य कानावर पडलं की मला तिथून उठून जावंसं वाटे. आण्णा देवमाणूस होते हे तसं खरंच होतं. दारू नाही, शिवी नाही, कधी हात उगारणं नाही. मंचरच्या मार्केटात ते मापाडी होते. कांद्याच्या वजनावरून शेतकरी आणि व्यापारी हमरीतुमरीवर आले की लोक आण्णांना बोलावत. आण्णा काट्यापाशी जाऊन नुसते उभे राहत, दोघांचंही पूर्ण ऐकून घेत, आणि बोलता बोलता दोघांचेही आवाज आपोआप खाली येत. आमची मूळची मंडळी आणे पठारावरची, मेंढरांमागे फिरणारी. आजोबांनी कळंबला जमीन घेतली तेव्हापासून आम्ही एका जागी राहिलो. चुलते अजून पठारावर मेंढरं राखत. ते म्हणायचे, "आमच्या भावाला कुत्रंबी भुकत न्हाई." कौतुकानेच म्हणायचे.

संध्याकाळी कळंबच्या फाट्यावरून आण्णांची लुना वळली की तिचा आवाज घरात सगळ्यांना एकदमच कळे. मग रेडिओ बारीक व्हायचा. माझा भाऊ नितीन उंबऱ्यातल्या चपला उचलून कडेला लावायचा. आई शेजारणीशी बोलत असली तर बोलणं आवरतं घ्यायची. हे असं करा म्हणून आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आण्णा पाय धुऊन लाकडी खुर्चीत बसत, अडकित्ता काढत आणि सुपारी कातरू लागत. कट्. कट्. आमच्यापैकी कुणाला काही सांगायचं असलं तर ती वेळ. मी एकदा वर्गाच्या सहलीला जाऊ का म्हणून विचारायला गेले. आण्णांनी मधे एकदाही तोडलं नाही. त्यांनी अडकित्ता थांबवला आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी बोलत गेले, कोण कोण येणार, कुठे जाणार, जेवणाचं काय, आणि त्या शांततेत माझं एकेक वाक्य मलाच खुळचट वाटू लागलं. शेवटी मी थांबले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "झालं तुझं बोलून?"

"हो आण्णा."

मग पुन्हा कट्, कट्. तेच उत्तर. ते 'नाही' कधी म्हणाले नाहीत. मी स्वयंपाकघरात परत आले तेव्हा मी काहीतरी चुकीचं मागितलंय एवढंच कळलेलं होतं, काय चुकलं ते नाही.

आईचंही तसंच. ती माहेरची एखादी गंमत सांगायला लागे, आण्णा सुपारी कातरायचे थांबत, आणि आई तिथेच "जाऊ द्या, काय न्हाई एवढं" म्हणून भाकरीकडे वळे. आईच्या गोष्टींचा पहिला अर्धा भाग आम्हाला पाठ आहे. पुढचा मला तिच्या म्हातारपणी कळला. ज्याचा बाप मारतो तो पाठ तरी दाखवू शकतो. आम्ही कुणाला काय सांगणार होतो? की आमचे वडील आमचं सगळं ऐकून घेतात? त्या घराची मला लाज वाटे, आणि लाज वाटावी असं तिथे दाखवण्याजोगं काहीच नव्हतं, म्हणून त्या वाटण्याचीही लाज वाटे.

नितीन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बारावीनंतर तो मंचरला हायवेलगत एका खताच्या दुकानावरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागला. क्लास चालवणाऱ्या मॅडमनी एक जुना कॉम्प्युटर त्याला घरी नेऊ दिला होता. तो आमच्या आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी ठेवलेला. लाईट असली की नितीन त्यावर वाकलेला असायचा. त्याने एक गेम करायला घेतला होता. पठारावरून एका पोराने मेंढरं पलीकडच्या गावात न्यायची, वाटेत ओढे, कुत्री, चोर, आणि शेवटी एक फाटक. त्या फाटकावर एक राक्षस. गेमचा खरा वैरी तोच. नितीनने त्याला शिंगं दिली, लाल डोळे दिले, हातात सोटा दिला. तो पडदाभर नाचायचा आणि गुरगुरायचा. क्लासची पोरं त्याला बघून हसली.

"दात मोठे केले तरी हसत्यात," नितीन वैतागून म्हणाला. "आता अजून काय करू?"

मी त्याच्या मागे उभी राहून शेंगा फोडत होते. मी म्हटलं, "त्याला एवढी घाई कसली?"

"म्हंजे?"

"सारखा पळतोय. ज्याच्या हातात फाटक हाये त्यानं कशाला पळायचं? बसव त्याला."

नितीनने त्याला बसवलं. पहिल्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी शिंगं गेली, कारण बसलेल्या माणसाला ती शोभेनात. मग सोटा गेला. मग एक दिवस नितीनने फाटकापाशी आल्यावर गेममधलं गाणंच बंद केलं. तोवर पठारावर ढोल वाजत असायचा, आणि इथे अचानक काहीच नाही. ती शांतता ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण काय करतोय हे तेव्हा दोघांनाही कळलेलं असणार. मी म्हटलं, "त्यानं काहीतरी करत राहावं. पोरगं आलं तरी लगेच वर बघू नये." नितीनने उठून आण्णांचा अडकित्ता आणला, हेडफोनच्या माईकजवळ एक सुपारी कातरली, आणि तो आवाज गेममध्ये घातला.

त्या माणसाने मारायचं नाही हेही असंच ठरत गेलं. खेळणारा येऊन त्याला दगड मारी, कुत्रं अंगावर सोडी, काय हवं ते करी. तो बसून राही. खेळणाऱ्याचे दगड संपले की तो एक वाक्य बोले, उठे, फाटक लावून घेई, आणि मेंढरं परत पहिल्या ओढ्यावर. ते वाक्य कोणतं असणार हे आम्हाला ठरवावं लागलं नाही. नितीनने ते चारपाच वेळा म्हणून बघितलं, पण त्याचा आवाज दर वेळी कापायचा. मग त्याने माईक माझ्याकडे दिला. माझा आवाज लहानपणापासून जाड. शाळेत पोरी त्यावरून चिडवायच्या, म्हणून मी कवितासुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणत असे. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी डोक्यावर गोधडी घेतली, आणि पहिल्याच दमात बोलले. नितीनने ते परत लावलं. आम्ही ऐकलं. तो हळू आवाजात म्हणाला, "वैशे, हे तुला जमलं कसं?"

मला ते जमवावं लागलंच नव्हतं. ते आत तयार होतं. घशात नुसती वाट द्यायची होती. आजही ते आठवलं की मान खाली जाते. मला वाटायचं, मी आईच्या बाजूची.

क्लासच्या पोरांनी नवा गेम खेळला आणि कुणी हसलं नाही. ती पोरं आधी फाटकापाशी आरडाओरडा करत यायची, दगडांचा मारा करायची, आणि मग हळूहळू खुर्चीत मागे सरकायची. त्याला नाव आम्ही ठेवलं नव्हतं, पोरांनी ठेवलं. "बसलेला." आज बसलेल्यापर्यंत गेलो, आज बसलेला वर बघायला लागला, असं बोलणं सुरू झालं. कुत्र्यांची आणि चोरांची आठवण कुणी काढत नसे. नितीन आता पुण्यात एका कंपनीत गेमच करतो, आणि त्याच्या हाताखालच्या मुलांना तो काय सांगतो ते मला माहीत आहे, कारण त्यातलं अर्धं त्या कोठीशेजारच्या खोलीत ठरलेलं आहे. मध्यंतरी माझी मुलगी मोबाईलवर खेळता खेळता कुठल्याशा खलनायकाबद्दल म्हणाली, "आई, तो चिडत नाही ना, म्हणून जास्त भीती वाटते." मी पाणी भरायचं निमित्त करून उठले.

मॅडमनी एका शनिवारी दुपारी मुलांच्या कामाचं प्रदर्शन ठेवलं आणि घरच्यांना बोलावलं. आण्णा आणि आई येतील असं आम्हाला वाटलंच नव्हतं. पण शनिवारी आण्णा अर्ध्या दिवसाने मार्केटातून निघाले आणि आईला घेऊन आले. आईने तिची जांभळी साडी नेसली होती. हॉलमध्ये सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष, समोर भिंतीवर पांढरा पडदा. खाली हायवेवरून कांद्याचे ट्रक जात, तेव्हा खिडक्या थरथरत. कुणी हिशेबाचं काही केलं होतं, कुणी फुलं उमलताना दाखवली. मग नितीनचा गेम लागला. सागर नावाचा त्याच्या वर्गातला मुलगा खेळायला बसला. मेंढरं ओढ्यातून गेली तेव्हा बायका हसल्या, एक कोकरू वाहून गेलं तेव्हा हळहळल्या. आई शेजारच्या बाईला उत्साहाने सांगत होती, "आमच्या दिरांची अशीच मेंढरं हायेत. एकदा काय झालं, मी नवी नवरी व्हते, आन्..."

तेवढ्यात ढोल थांबला. हॉलच्या दोन्ही स्पीकरमधून सुपारी कातरल्याचा आवाज आला. सागरने दगड मारले. पडद्यावरचा माणूस कातरत राहिला. दगड संपले. त्याने वर पाहिलं, आणि माझा आवाज, जाड आणि हळू, भिंतीवरून आला, "झालं तुझं बोलून?"

आई वाक्याच्या मधे थांबली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हात मांडीवर ठेवले. शेजारची बाई म्हणाली, "मग? फुडं काय झालं?" आई म्हणाली, "जाऊ द्या, काय न्हाई एवढं."

मी भिंतीला टेकून उभी होते. त्या बाईने आधी आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि मग मान वळवून मागे खुर्च्यांकडे. ती कळंबचीच होती. तिने आण्णांना शोधलं तेव्हा मला वाटलं, आमच्या घराची पुढची भिंत कुणीतरी उचलून बाजूला ठेवली आहे, आणि आत आई चुलीपुढे बसलेली सगळ्या हॉलला दिसते आहे. आण्णा आईच्या पाठीकडे बघत होते.

मॅडमना यातलं काही कळलं नाही. त्या कौतुकाने सागरला म्हणाल्या, "काय रे, एवढे सगळे वैरी आहेत यात. हाच का लक्षात राहतो तुमच्या?"

सागर अंग चोरत म्हणाला, "त्यो रागवत न्हाई मॅडम. दुसरे मारत्यात तवा आपल्याला बी जोर येतो. ह्याच्यासमोर आपलंच कायतरी चुकलंय असं वाटतं."

"आणि याला हरवायचं कसं? नितीन?"

नितीन उभा राहिला. "ते अजून केलेलं न्हाई मॅडम."

लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. आवाज कुणाचा म्हणून मॅडमनी माझं नाव घेतलं तेव्हा आणखी टाळ्या वाजल्या. मी त्या घेतल्या, कारण सगळे बघत होते, आणि आत कुठेतरी मला त्या आवडल्याही. आईनेही टाळी वाजवली. वडापच्या जीपमधून घरी येताना आण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. कळंब येईपर्यंत कुणी बोललं नाही. आमच्या घरात त्यात वेगळं काही नव्हतं.

रविवारी आईने मासवड्या केल्या. खोबरं, तीळ, लसूण भाजल्याचा वास सकाळपासून घरभर होता. फडक्यावर बेसन थापून, आत सारण भरून ती वळकट्या करत होती, आणि तिचे हात नेहमीपेक्षा भरभर चालत होते. दुपारी जेवायच्या आधी आण्णा आतल्या खोलीच्या दारात आले आणि नितीनला म्हणाले, "ते लाव."

नितीनने कॉम्प्युटर लावला. आण्णा खाली पाटावर बसायला लागले, पण पडदा दिसेना, म्हणून त्यांची लाकडी खुर्चीच आत आणावी लागली. ते खुर्चीत बसले. नितीनने कोणतं बटण कशाचं ते दाखवलं. वजनाचा काटा सरावाने हाताळणारी त्यांची बोटं त्या बटणांवर अडखळत होती. पहिल्या ओढ्यात त्यांची निम्मी मेंढरं वाहून गेली. ते परत खेळले. पुन्हा गेली. नितीन म्हणाला, "मी नेऊ का फाटकापर्यंत?" ते म्हणाले, "न्हाई. मी नेतो." आई दाराशी येऊन उभी राहिली, हाताला बेसन. बराच वेळ गेला. शेवटी दोनच मेंढरं घेऊन आण्णा फाटकाशी पोचले.

त्यांनी एकही दगड मारला नाही. ते नुसते बसून राहिले. पडद्यावरचा माणूसही बसून राहिला आणि सुपारी कातरत राहिला. दगड संपल्याशिवाय तो वर पाहत नसे, आम्ही ते तसंच केलं होतं. मग नितीनने वाकून सगळे दगड मारून टाकले. त्या माणसाने वर पाहिलं आणि तो बोलला.

आण्णा म्हणाले, "तुझा आवाज?"

"हो," मी म्हटलं.

"ह्याच्या फुडं जायला वाट न्हाई?"

"आम्हाला सुचली नाही आण्णा," नितीन म्हणाला. मग घाईने म्हणाला, "काढून टाकतो मी हे. गंमत म्हणून..."

आण्णांनी त्याला हाताने थांबवलं. पडद्याकडेच बघत त्यांनी आईला विचारलं, "मी असा बोलतो का गं?"

मला वाटलं, आई म्हणेल, काय न्हाई एवढं. मीही तेच म्हणणार होते. 'नाही आण्णा, तसं नाही' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. एका चित्राच्या आड लपून, डोक्यावर गोधडी घेऊन मी गावभर जे सांगितलं होतं, ते समोरासमोर नाकारायला मी निघाले होते. पण आई आधी बोलली. बोटांवरचं बेसन अंगठ्याने काढत ती म्हणाली, "तुमचा आवाज याहून बारीक असतो."

आण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. त्यांनी खुर्चीचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. ते काय करतील हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं, कारण आजवर त्यांना काही करावंच लागलं नव्हतं. मग ते म्हणाले, "पोरांनी चांगलं केलंय." आणि उठून हात धुवायला गेले.

आण्णांनी आयुष्यात आम्हाला दिलेली ती पहिली शाबासकी. दहावीला मी शाळेत पहिली आले होते तेव्हासुद्धा त्यांनी नुसती मान हलवली होती. मला ती शाबासकी घेताही येईना आणि परतही करता येईना. जेवताना मी ताटातून डोकं वर काढलं नाही. मासवडीचा रस्सा आईने त्यांना दुसऱ्यांदा वाढला, ते "बास" म्हणाले, एवढंच बोलणं झालं.

ते बदलले असं मी म्हणणार नाही. बोलायचा प्रयत्न मात्र करू लागले, आणि तो बघवत नसे. एखाद्या संध्याकाळी आईला विचारायचे, "आज काय झालं दिवसभर?" आणि आई गोंधळून जायची. एकदा माझं लांबलचक बोलणं संपल्यावर त्यांचे ओठ हलले, ते वाक्य दातांपर्यंत आलं, आणि त्यांनी ते गिळलं. त्या जागी म्हणायला त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. ते बसून राहिले, मी उभी राहिले. आम्ही दोघंही एकमेकांसमोर इतके अवघडलो की शेवटी मीच "चहा टाकते" म्हणून सुटका करून घेतली.

काही दिवसांनी मार्केटातले एक मापाडी, आण्णांचे जुने सोबती, त्यांच्याबरोबर घरी आले. ओट्यावर टेकत ते मला म्हणाले, "आण्णा सांगत व्हते, तुमी पोरांनी गेम केलाय म्हणं. आमाला बी दाखवा की राव."

आण्णांनी मार्केटात सांगितलं होतं. स्वतःहून. मी आईकडे पाहिलं, तिलाही माहीत नव्हतं. नितीन पाहुण्यांना आतल्या खोलीत घेऊन गेला. मेंढरं, ओढा, कुत्री, पाहुणे मोठ्याने हसत होते, "लई भारी, लई भारी" म्हणत होते. मी चुलीवर चहाचं आधण ठेवून कान तिकडे लावून उभी होते. ढोल थांबला. पाहुण्यांचं हसणंही थांबलं.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

आण्णा म्हणाले, "ह्यो मी."

पाहुणे हसले. मार्केटातला आण्णा आणि हा माणूस, त्यांना ती चेष्टाच वाटली असणार. "काय राव, तुमी तर देवमाणूस."

"बाहेर," आण्णा म्हणाले. "घरात मी असा असतो."

माझ्या हातात कपबशांचा ट्रे होता. त्या खोलीत जाऊन आण्णांच्या तोंडाकडे बघणं मला शक्य नव्हतं. आईने माझ्या हातातून ट्रे घेतला. ती तो घेऊन आत गेली, पाहुण्यांना चहा दिला, आण्णांना दिला, आणि मग परत येण्याऐवजी तिसरा कप स्वतः घेऊन त्यांच्या शेजारी कोठीला टेकून बसली.